नुसता सुशीला

सकाळी साडेसहाला आमच्या ओट्यावर पहिलं ऊन येतं. ज्येष्ठ सरत आलाय. सोलापुरात अजून पावसाचा पत्ता नाही, पण या वेळी फरशी पायाला गार लागते. मी चुरमुऱ्यांचा डबा फळीवरून खाली काढतो, मोठ्या पातेल्यात पाणी घेतो. आई स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीत बसलेली असते. ती विचारते, "काय करलालास रे?" मी सांगतो, "काही नाही गं. नुसता सुशीला."

हे बोलणं आमच्यात इतक्या वेळा झालं आहे की त्यातले शब्द आता कानावर पडतही नाहीत. आज मात्र "नुसता" हा शब्द जिभेवर जरा अडकला. मी पातेल्यापाशी थोडा वेळ तसाच उभा राहिलो.

सुशीला म्हणजे चुरमुऱ्यांचं उप्पीट, असं बाहेरगावच्या माणसाला सांगावं लागतं. नाव बाईचं, तरी आम्ही "सुशीला केला" असंच म्हणतो. शिरा केला, चिवडा केला, तसा सुशीला केला. विजापूरकडे त्याला सुसला म्हणतात. आणखी खाली, रायलसीमेत, तोच पदार्थ उग्गाणी होतो. नाव बदलतं, पातेलं तेच राहतं.

चुरमुरे पाण्यात टाकले की आधी तरंगतात. बुडायला तयारच नसतात. तळहाताने त्यांना हलकेच खाली दाबावं लागतं. मग दहा-पंधरा मोजेपर्यंत ते हाताखाली सैल पडू लागतात. सगळं काम या मोजण्यात आहे. लवकर काढले तर मधोमध कोरडे राहतात आणि दाताखाली चामट लागतात. उशीर झाला तर लगदा. घड्याळाचा इथे उपयोग नाही, कारण दर भट्टीचा चुरमुरा वेगळा. कोणता किती वेळ मागतो ते हातालाच कळतं.

आईच्या हाताला ते कळायचं. कुणाशी तरी बोलत, पाठमोरी, मध्येच आम्हाला दटावत, ती नेमक्या क्षणी मूठ वर काढायची आणि पिळून परातीत मोकळी करायची. तिने कधी मोजलेलं मला आठवत नाही. आता तिच्या बोटांना मुंग्या येतात. गार-गरम, ओलं-कोरडं नीट समजत नाही. म्हणून पातेल्यात हात माझा असतो आणि क्षण तिचा. ती खुर्चीतून म्हणते, "काढ." मी काढतो.

चुरमुरा एवढ्या झटकन पाणी कसं घेतो, याचं मला लहानपणी नवल वाटे. तांदूळ शिजायला तर कितीतरी वेळ लागतो. पुढे भट्टी पाहिली तेव्हा उलगडा झाला. आधी उकडून वाळवलेला, मीठ लावलेला तांदूळ तापलेल्या वाळूत पडतो. दाण्यात उरलेल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते आणि ती बाहेर पडता पडता दाण्याला फुगवून जाते. मागे राहतात हवेने भरलेल्या बारीक बारीक पोकळ्या. पाणी शिरतं ते त्याच वाटेने. म्हणजे भट्टीने जे काढून घेतलं, ते आपण सकाळी पातेल्यात परत देतो. विस्तवाजवळचं अवघड काम कुणीतरी आधीच केलेलं असतं. आपल्या वाट्याला उरतात पंधरा आकडे.

फोडणीचंही फार नाही. तेल, मोहरी, जिरं, मूठभर शेंगदाणे, हिरवी मिरची, कढीपत्ता, कांदा, हळद. मग पिळलेले चुरमुरे. मीठ बेतानेच, कारण चुरमुऱ्यांत ते असतंच. वरून डाळ्याचं पीठ. डाळं म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याची डाळ, आमच्याकडे पंढरपुरी डाळं म्हणतात ते. त्याचं पीठ भुरभुरलं की राहिलेलं पाणी ते ओढून घेतं आणि चुरमुरा चुरमुऱ्यापासून सुटा होतो. माझा हात अजूनही कधी कधी चुकतो. अशा दिवशी हे पीठ सांभाळून घेतं. मग लिंबू, कोथिंबीर, झाकण ठेवून एक वाफ. एवढंच.

"एवढंच" म्हणालो खरा. तोही "नुसता"चाच भाऊ.

वडील गिरणीत होते. सोलापुरात पहिली कापड गिरणी 1877 साली सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या आल्या आणि गावाने त्या पहिलीला जुनी गिरणी म्हणायला सुरुवात केली. गावाचा दिवस भोंग्यावर चालायचा. भोंगा झाला की कुणी पाणी तापत ठेवी, कुणी मुलांना उठवी, कुणी सायकल काढी. घड्याळ नसलेल्या घरांचीही वेळ चुकत नसे. वडिलांची पहिली पाळी असली की ते अंधारातच खाऊन निघत. आई त्यांच्याही आधी उठलेली असे. त्यांच्या ताटलीत कधी सुशीला, कधी उप्पीट, कधी रात्रीची भाकरी कुस्करून फोडणीला टाकलेली. उन्हाळ्यात दह्यातली भाकरी आणि वर शेंगाची चटणी.

मी अंथरुणात असायचो. अर्धवट झोपेत मोहरी तडतडल्याचा आवाज यायचा, मग कढीपत्त्याचा चर्र आवाज, मग वास. त्या आवाजाचं काय करायचं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. घरात कुणीतरी जागं आहे, एवढं कळायचं. मी कूस बदलून पुन्हा झोपायचो. त्या झोपेइतकी गाढ झोप पुढे कुठे लागली नाही.

भोंगे थांबले त्याला आता बरीच वर्षं झाली. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, काहींची चिमणीही उरली नाही. घरातली उठायची वेळ मात्र तीच राहिली. वडील गेल्यानंतरही आई कितीतरी वर्षं त्याच अंधारात उठत होती आणि विचारलं तर म्हणायची, "जाग येते की."

उप्पीट या शब्दाकडे मी अलीकडेच नीट पाहिलं. तो कानडीतून आपल्याकडे आला. उप्पु म्हणजे मीठ, हिट्टु म्हणजे पीठ. दोन जिन्नस सांगितले की नाव संपलं. रव्याला किती निगुतीने भाजलं, पाणी किती उकळलं, गुठळी होऊ नये म्हणून हात कसा चालवला, यातलं नावात काही नाही. ज्या बाईने हा पदार्थ पहिल्यांदा केला असेल तिला कुणीतरी विचारलं असणार, काय केलंस? आणि ती म्हणाली असणार, काही नाही, मीठ-पीठ.

आमच्या भिंतीपलीकडे एक पद्मशाली कुटुंब राहायचं. त्यांच्या घरात माग होता. सकाळी आमची फोडणी आणि त्यांच्या धोट्याची खटखट एकाच वेळी सुरू होई. त्या घरच्या अक्का तेलुगू वळणाचं मराठी बोलायच्या. समोरच्या आजींचं कानडी वळणाचं मराठी होतं. आईचं मंगळवेढ्याकडचं. तिघींचं मिळून जे झालं तेच सोलापुरी. अक्का भिंतीवरून विचारायच्या, "काय करलालाव वहिनी?" आई म्हणायची, "काही नाही की. नुसता सुशीला." मग एक वाटी भिंतीवरून पलीकडे जायची. थोड्या वेळाने ती परत यायची. कधी तिच्यात चिंचेचा पिवळा भात असे, कधी लिंबाचं लोणचं. देताना अक्काही काहीतरी म्हणायच्या. त्यातला एक शब्द मला तेव्हाही कळायचा: "ऊरिके." उगीच, सहजच.

म्हणजे त्यांच्या भाषेतही "नुसता"साठी एक शब्द होता.

चुरमुऱ्यांवरून पंढरपूर आठवणं आमच्या भागात साहजिक आहे. सोलापूरपासून ते सत्तरेक किलोमीटरवर. आषाढीहून किंवा कार्तिकीहून परतणारं माणूस रिकाम्या हाताने येत नाही. पिशवीत बुक्का असतो, तुळशीची माळ असते आणि चुरमुरे असतात. आमची आत्या दर आषाढीला जायची. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की मग परतायची. ती आली की आई आधी हात धुवायची. चुरमुऱ्यांची पुडी देवापुढे ठेवायची. मग आम्हा सगळ्यांच्या हातावर चार-चार दाणे. ते कपाळाला लावून तोंडात टाकायचे. एक दाणा खाली पडला तर वाकून उचलायचा. भिंतीपलीकडे, समोर, पाण्याच्या नळावर भेटेल त्याला, सगळीकडे ती पुडी फिरायची.

आणि तरीही चुरमुरे उरायचे. आत्या पुष्कळ आणायची. दोन-तीन दिवसांनी आई ते डब्यातल्या चुरमुऱ्यांत मिसळून टाकायची आणि पुढच्या सकाळी त्यांचा सुशीला व्हायचा.

लहानपणी मला यात एक कोडं वाटायचं. सोमवारी ज्या दाण्याला आपण वाकून उचललं, गुरुवारी त्याच दाण्याला आई "नुसता" म्हणते. दाणा तोच. मधे काय झालं? आईला मी विचारलंही होतं. ती कांदा चिरत होती. म्हणाली, "अरे, तेव्हा तो देवाकडनं आला होता." मी विचारलं, "आणि आता?" तिने थोडा विचार केला. "आता डब्यातनं आला."

मी पुढे पुष्कळ वाचलं, पुष्कळ ऐकलं. पण या दोन वाक्यांपाशी अधूनमधून परत यावं लागतं. जे लांबून येतं त्याला आपण कपाळाला लावतो. जे हाताशी असतं त्याला नुसतं म्हणतो.

भाकरीचंही हेच आहे. सोलापूरचा बहुतेक मुलूख पर्जन्यछायेत येतो. पाऊस कमी, आणि जो पडतो तोही भरवशाचा नाही. इथली ज्वारी रब्बीची. पावसाळा सरता सरता ती पेरतात आणि काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती वाढते. वरून पाणी जवळजवळ मिळतच नाही, तरी थंडीत दाणा भरतो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात बातमी आली होती. मी ती आईला वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकली. तिच्या माहेरच्या रानातली ज्वारी होती ती. तिला काय सांगावं ते मला सुचेना, म्हणून मी म्हटलं, "आता तुमच्या ज्वारीचं नाव झालं." ती म्हणाली, "तिचं नाव होतंच की. दामाजीपंतांपासनं." दुष्काळात राजाचं कोठार लोकांसाठी उघडणारे दामाजीपंत मंगळवेढ्याचे. त्या कोठारात ज्वारीच होती, याबद्दल आईच्या मनात कधी शंका नव्हती.

त्याच ज्वारीची कडक भाकरी करतात. पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग विस्तवाच्या उबेला उभी करून ठेवायची. हळूहळू तिच्यातला सगळा ओलावा जातो आणि ती पापडासारखी होते. मग ती कित्येक दिवस टिकते. आता ती पाकिटात बंद होऊन दूरदूर जाते. अनेक बायकांचं घर त्यावर चालतं आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण मला ती आठवते ती आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या दुरडीत, फडक्याखाली, एकीवर एक रचलेली. अवेळी कुणी आलं तर असावी म्हणून. पाहुणा रात्री अकराला आला तरी दही, चटणी आणि कडक भाकरी त्याच्यापुढे येई. आई म्हणायची, "आज काही केलेलं नाही हो, नुसती भाकरी आहे." पाहुणा ती मोडायचा. तिचा कट्टकन आवाज व्हायचा. दह्यात पडली की ती मऊ व्हायला लागायची.

कोरड्या मुलखाला हे फार चांगलं जमतं. अन्नातलं पाणी काढून ठेवायचं, म्हणजे ते थांबून राहतं. कुणी आलं की पाणी परत द्यायचं. चुरमुरे डब्यात थांबतात, भाकरी दुरडीत थांबते, डाळं बरणीत थांबतं. कोण येणार हे त्यांना ठाऊक नसतं. त्यांनी फक्त असायचं असतं.

एकदा जनगणनेसाठी एक गुरुजी घरी आले होते. सकाळची वेळ होती. त्यांनी वडिलांचं नाव विचारलं, काम विचारलं. वडिलांनी गिरणीचं नाव सांगितलं, खातं सांगितलं. मग त्यांनी आईकडे पाहून विचारलं, "बाई, तुम्ही काय काम करता?" आई शेगडीपुढे होती. एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात डाळ्याच्या पिठाची वाटी. वडिलांच्या डब्याची भाकरी बाजूला थापून ठेवलेली. धाकटी बहीण तिच्या पदराला धरून उभी. आई म्हणाली, "काही नाही. घरीच असते." गुरुजींनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग आईने त्यांच्यापुढे बशी ठेवली. "घ्या की. नुसता सुशीला आहे." गुरुजींनी बशी संपवली. आई न विचारता आणखी वाढून गेली, तीही त्यांनी संपवली. उठताना म्हणाले, "बाई, चार दिवस दारोदार फिरतोय. आज पोटात काही गेल्यासारखं वाटलं."

त्यांनी कागदावर काय लिहिलं असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

आज तो करत होतो, म्हणून दहा-पंधराचं मोजणं चुकलं. आईचा आवाज आला, "काढ, काढ. पाणी जास्त झालं की." मी घाईने चुरमुरे वर काढले, दोन्ही मुठींनी पिळले. जरा जास्तच भिजले होते. डाळ्याचं पीठ दोन चमचे अधिक घातलं. झाकण ठेवलं. वाफ धरली.

आईला बशी दिली. ती आधी वास घेते, मग लिंबाची फोड स्वतः पिळते. बोटांना मुंग्या असल्या तरी ते काम ती दुसऱ्याला देत नाही. पहिला घास तिने सावकाश खाल्ला. मी बघत होतो. ती म्हणाली, "बरा झालाय." आमच्या घरात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही.

तेवढ्यात पुण्याहून धाकटीचा फोन आला. सकाळी या वेळेला तिचा फोन असतोच. मी स्पीकरवर लावला. आईची तब्येत, गोळ्या, रात्रीची झोप, हे सगळं विचारून झालं. मग तिने विचारलं, "आज काय केलंस खायला?"

मी आईकडे पाहिलं. ती बशीतला शेवटचा शेंगदाणा बोटाने शोधत होती.

"सुशीला," मी म्हटलं.

पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग ती म्हणाली, "माझ्यासाठी ठेव थोडा." दरवेळी तेच म्हणते. अडीचशे किलोमीटरवरून येईपर्यंत काय राहणार, पण म्हणते.

फोन ठेवून मी पातेलं घासायला घेतलं. ऊन ओट्यावरून खाली उतरून फरशीवर आलं होतं. डबा फळीवर परत ठेवताना पाहिलं, चुरमुरे निम्म्यावर आले आहेत. आषाढी तीन आठवड्यांवर आहे.